विश्लेषण : गोल केला अन् दोन मिनिटांत आघाडी गेली... मेलबर्नमध्ये भारताचे नेमके काय चुकले? नेव्हिल डिसूझा कोण होते?

डिजिटल डेस्क, वाशिम : फुटबॉल खेळलेल्या प्रत्येकाला हा अनुभव असतो. आपला संघ गोल करतो, सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात, मैदानाबाहेरून शिट्ट्या येतात. चेंडू पुन्हा मध्यावर ठेवला जातो आणि दोन मिनिटांत समोरचा संघ बरोबरी करून मोकळा होतो. शाळेच्या मैदानावर असे झाले तर संध्याकाळी घरी जाईपर्यंत बचावपटूंना बोलणी बसतात. ४ डिसेंबर १९५६ रोजी हेच भारताच्या राष्ट्रीय संघाबाबत घडले. मैदान होते मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, सामना होता ऑलिम्पिकची उपांत्य फेरी आणि समोर होता युगोस्लाव्हिया. भारताला आघाडी मिळवून देणारा खेळाडू मुंबईचा होता, नाव नेव्हिल डिसूझा. ती आघाडी २ मिनिटे टिकली. भारत सामना १-४ असा हरला आणि ऑलिम्पिक फुटबॉलच्या पदकाच्या इतका जवळ पुन्हा कधीच गेला नाही.

अजय देवगणचा ‘मैदान’ चित्रपट आल्यापासून प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव घरोघरी पोहोचले. डिसूझा यांचे नाव मात्र अजूनही क्वीझमधल्या प्रश्नापुरतेच उरले आहे.

नेव्हिल डिसूझा कोण होते?

जन्म ३ ऑगस्ट १९३२ चा. कुटुंब मूळचे गोव्यातील बार्देस तालुक्यातल्या आसगावचे. आज इन्स्टाग्रामच्या रील्समध्ये कॅफे आणि महागड्या बंगल्यांसाठी दिसते तेच हे आसगाव. त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते आणि पोटापाण्यासाठी मुंबई गाठणे ही गोव्यातल्या अनेक कुटुंबांची नेहमीची वाट होती. मुंबईत गावागावांच्या नावाने ‘कूड’ असत. कूड म्हणजे त्या गावातून आलेल्या माणसांनी एकत्र राहण्याची जागा. गोव्याची माणसे मुंबईत आली ती फुटबॉल सोबत घेऊनच आली.

मुंबईच्या फुटबॉलचे केंद्र होते कुपरेज मैदान. रोव्हर्स चषक ही १८९१ पासूनची स्पर्धा तिथे गाजायची. संघ असायचे कंपन्यांचे, गिरण्यांचे, पोलिसांचे आणि लष्कराचे. आयएसएल आणि लिलावाच्या काळात वाढलेल्या वाचकांना हे विचित्र वाटेल, पण तेव्हा भारतात फुटबॉल हा अधिकृत व्यवसाय नव्हता. चांगला खेळणाऱ्याला कंपनीत नोकरी मिळायची आणि तो कंपनीच्या संघातून खेळायचा. डिसूझा टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळले आणि पुढे कॅलटेक्सकडून. कॅलटेक्स ही तेल कंपनी होती. सरकारने ती १९७६ मध्ये ताब्यात घेतली आणि नंतर ती हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. म्हणजे आज ज्या एचपीच्या पंपावर आपण पेट्रोल भरतो, त्या कंपनीच्या पूर्वजांकडे एकेकाळी देशातला एक तगडा फुटबॉल संघ होता.

डिसूझा आघाडीचे खेळाडू. गोलसमोर योग्य जागी असणे ही आघाडीपटूची खरी कमाई असते. त्यांनी १९५६ मध्ये केलेल्या गोलांकडे पाहिले तर ती त्यांच्याकडे पुरेपूर होती.

मेलबर्नपर्यंत भारत कसा पोहोचला?

चार वर्षे मागे जाऊ. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारताची गाठ याच युगोस्लाव्हियाशी पडली होती आणि निकाल लागला होता १०-१. भारताचे काही खेळाडू अनवाणी खेळले होते. आपल्याकडे मऊ मातीवर अनवाणी खेळणे हा अभिमानाचा विषय होता. थंड, ओल्या युरोपीय मैदानावर बूट घातलेल्या खेळाडूंसमोर तो अभिमान उपयोगाचा नव्हता. त्यानंतर देशात बूट सक्तीचे झाले.

संघाची सूत्रे रहीम यांच्याकडे होती. हैदराबादचे हे शिक्षक हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचेही प्रशिक्षक होते. लांब लाथा मारून चेंडू पुढे ढकलण्यापेक्षा छोटे पास, वेगाने जागा बदलणे यावर त्यांचा भर असायचा. मेलबर्नच्या संघात कर्णधार समर ‘बद्रू’ बॅनर्जी, पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, किट्टू, केंपय्या, नूर मोहम्मद, पीटर थंगराज अशी नावे होती. मुंबईच्या मैदानांवर तयार झालेले गोलरक्षक एस. एस. नारायणही याच चमूत होते.

नशिबाचा भागही सांगायला हवा. मेलबर्नमध्ये प्रत्यक्ष खेळले ते फक्त ११ संघ. भारताचा पहिला सामना हंगेरीशी होता. हंगेरी १९५२ चा सुवर्णविजेता. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर १९५६ मध्ये हंगेरीत उठाव झाला, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि त्यांचा फुटबॉल संघ स्पर्धेत उतरलाच नाही. भारताला पुढे चाल मिळाली. एकही सामना न खेळता थेट उपांत्यपूर्व फेरी, समोर यजमान ऑस्ट्रेलिया.

ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकलो, मग चूक कुठे होती?

१ डिसेंबर १९५६. निकाल भारत ४, ऑस्ट्रेलिया २. डिसूझा यांची हॅट्ट्रिक. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. आपल्याकडे हा सामना याच दोन ओळींत सांगितला जातो आणि विषय संपतो.

पण गोलांच्या वेळा एका कागदावर लिहून पाहा. ९ व्या मिनिटाला डिसूझा. कर्णधार बॅनर्जींचा फटका आडव्या खांबाला लागून परत आला आणि डिसूझा यांनी डोक्याने तो जाळ्यात घातला. १७ व्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. ३३ व्या मिनिटाला उजवीकडून पी. के. बॅनर्जींनी दिलेल्या चेंडूवर पुन्हा डिसूझा, भारत २-१. ४१ व्या मिनिटाला पुन्हा मॉरो, २-२. मध्यंतरानंतर ५० व्या मिनिटाला तिसऱ्यांदा डिसूझा. अखेर ८० व्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा गोल केला तेव्हा कुठे सामना हातात आला.

पहिली आघाडी टिकली ८ मिनिटे. दुसरीही टिकली ८ मिनिटेच.

इंजिनीअरिंगला असताना आम्हाला एक गोष्ट शिकवली जायची आणि आम्ही ती परीक्षा संपली की विसरायचो. प्रोग्रॅमने बरोबर उत्तर दिले म्हणजे प्रोग्रॅम बरोबर आहे असे नाही, एखाद्या वेळी चूक आत असूनही उत्तर बरोबर येते. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा विजय मला तसा वाटतो. लवकर मिळालेली आघाडी भारताने एकाच अर्ध्यात दोनदा घालवली आणि दोन्ही वेळा एकाच खेळाडूला गोल करू दिला. दोन्ही वेळा एका माणसाने पुढे जाऊन ती भरून काढली, म्हणून चूक निकालात दिसली नाही. त्यात ऑस्ट्रेलियाचा संघ तेव्हा जागतिक फुटबॉलमध्ये नवखा होता. चूक करूनही सावरायला तो वेळ देत होता.

तिसरी आघाडी मात्र टिकली, हेही खरे. ५० व्या मिनिटापासून सामना संपेपर्यंत भारताने गोल खाल्ला नाही. म्हणजे संघाला बचाव जमतच नव्हता असे म्हणता येणार नाही. अडचण गोल केल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांची होती.

उपांत्य सामन्यात काय घडले?

तीनच दिवसांनी, ४ डिसेंबरला युगोस्लाव्हिया. या संघाने आधीच्या सामन्यात अमेरिकेला ९-१ असे हरवले होते. हेलसिंकीचे १०-१ सगळ्यांच्या लक्षात होते. असे असताना मध्यंतराला गोलफलक होता ०-०. पूर्ण ४५ मिनिटे भारताने या संघाला रोखून धरले होते. मला विचाराल तर भारतीय फुटबॉलच्या इतिहासातला हा सगळ्यात कमी बोलला गेलेला अर्धा तास-पाऊण तास आहे.

मध्यंतरानंतर सातव्या मिनिटाला, म्हणजे ५२ व्या मिनिटाला, डिसूझा यांनी गोल केला. भारत १, युगोस्लाव्हिया ०. ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यापासून भारत ३८ मिनिटे दूर होता.

५४ व्या मिनिटाला झ्लात्को पापेत्स याने बरोबरी केली. ५७ व्या मिनिटाला टोडोर वेसेलिनोविचने युगोस्लाव्हियाला पुढे नेले. ६५ व्या मिनिटाला पुन्हा पापेत्स. ५२ मिनिटे एकही गोल न खाल्लेल्या संघाने पुढच्या १३ मिनिटांत तीन गोल खाल्ले. ७८ व्या मिनिटाला भारताच्या सलाम यांच्याकडून स्वयंगोल झाला आणि १-४ हा आकडा कायमचा नोंदला गेला.

कोणत्या चुकांनी आघाडी गेली?

स्वयंगोल लगेच डोळ्यांत भरतो, म्हणून दोष तिथे टाकण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. तो गोल झाला तेव्हा भारत आधीच १-३ असा मागे होता. सामना गेला तो ५४ ते ५७ या तीन मिनिटांत.

गोल झाल्यानंतर चेंडू कोणाकडे जातो? गोल खाल्लेल्या संघाकडे. मध्यावरून खेळ तेच सुरू करतात. गोल करणाऱ्या संघाचे पुढचे खेळाडू आनंदात आणि धापा टाकत परतत असतात, मागचे पुढे सरकलेले असतात, मधल्या फळीत अंतर पडलेले असते. समोरचा संघ चिडलेला आणि जागा झालेला असतो. म्हणून आजही अनेक प्रशिक्षक मुलांना सांगतात की गोल केल्यावरची पाच मिनिटे सगळ्यात धोक्याची. त्या वेळेत चेंडू आपल्याकडे ठेवायचा, थ्रो-इनला घाई करायची नाही, गरज पडली तर चेंडू सरळ बाहेर घालवायचा. दिसायला वाईट दिसते, पण सामन्याचा वेग उतरतो.

१९५६ चे फुटबॉल अशा वागण्यासाठी बनलेलेच नव्हते. त्या काळी संघ साधारण पाच खेळाडू पुढे ठेवून खेळत, मागे आजच्यापेक्षा माणसे कमी असत. आघाडी मिळाली की मागे येऊन ती राखायची, हा विचार फार थोड्या देशांत रुजला होता. रहीम यांचा संघ तर आक्रमणासाठीच ओळखला जायचा. ज्या पद्धतीमुळे गोल होत होते, त्याच पद्धतीत गोल झाल्यावर मागे जागा मोकळी राहत होती. ऑस्ट्रेलियाला त्या जागेचा फायदा घ्यायला ८ मिनिटे लागली, युगोस्लाव्हियाला २. दोन संघांच्या दर्जातला फरक इतका होता.

दुसरी चूक म्हणा किंवा अडचण, ती दमाची. भारतात तेव्हा अनेक स्पर्धांतले सामने ९० मिनिटांचे नसत, ७० मिनिटांचे असत. शरीराला ज्या वेळी सामना संपण्याची सवय, त्या वेळी ऑलिम्पिकमध्ये आणखी २० मिनिटे बाकी असत. तिसरा गोल ६५ व्या आणि चौथा ७८ व्या मिनिटाला झाला, हे पाहिले की दमाचे कारण पटते. पण पहिल्या दोन गोलांना ते लागू होत नाही. ५४ व्या मिनिटाला कोणी इतके दमलेले नसते. म्हणून केवळ स्टॅमिना कमी पडला हे नेहमीचे उत्तर अर्धेच खरे आहे. बरोबरी झाली ती सावध नसल्यामुळे, आणि मग सावरता आले नाही ते दमल्यामुळे, असे वेळा पाहून तरी दिसते.

बदली खेळाडू नव्हते. आज पाच बदल करता येतात, तेव्हा एकही नाही. सुरुवातीचे ११ तेच शेवटचे ११. प्रशिक्षकाला सामना थोपवायचा म्हटले तरी हातात काही नव्हते. बरोबरी झाल्यावर एक ताजा बचावपटू उतरवून वेळ काढणे हा आजचा साधा उपाय तेव्हा नियमातच बसत नव्हता.

याचे टोकाचे उदाहरण दुसऱ्या उपांत्य सामन्यात दिसले. सोव्हिएत युनियनचा बचावपटू निकोलाय तिश्चेन्को याच्या गळ्याजवळचे हाड मोडले आणि तो तसाच मैदानात राहिला, कारण बाहेर गेला तर संघ एकाने कमी. त्या सामन्यात अतिरिक्त वेळेत ९५ व्या मिनिटाला बल्गेरियाने आघाडी घेतली होती. ११२ व्या मिनिटाला स्ट्रेल्त्सोवने बरोबरी केली, ११६ व्या मिनिटाला तातुशिनने दुसरा गोल केला आणि बल्गेरिया बाहेर. म्हणजे कांस्यपदकासाठी जे दोन संघ समोरासमोर आले, ते दोघेही उपांत्य फेरीत आघाडी घेऊन हरलेले होते.

मग ही हार नामुष्कीची होती का?

नाही. त्या वर्षी सुवर्ण सोव्हिएत युनियनला, रौप्य युगोस्लाव्हियाला, कांस्य बल्गेरियाला गेले. तिन्ही साम्यवादी देश. ऑलिम्पिकमध्ये तेव्हा फक्त हौशी खेळाडूंना परवानगी होती. पश्चिम युरोपचे व्यावसायिक खेळाडू त्यामुळे बाहेर राहत. साम्यवादी देशांत कागदोपत्री व्यावसायिक खेळाडू नसायचेच, त्यामुळे त्यांचे सगळे उत्तम खेळाडू हौशी म्हणून येऊ शकत. वेसेलिनोविच दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, विश्वचषकात खेळला आणि तिथेही त्याने गोल केले. भारताचे खेळाडू मात्र खरोखरच नोकरी सांभाळून खेळणारे होते. चार वर्षांपूर्वी १०-१ असे हरवणाऱ्या संघाला ५२ मिनिटे रोखून त्याच्यावर आघाडी घेणे ही प्रगती लहान नव्हती.

आणि म्हणूनच ती दोन मिनिटे जास्त टोचतात. १०-१ च्या सामन्यात काय चुकले हे कोणी विचारत नाही.

त्या आठवड्यात महाराष्ट्रात काय सुरू होते?

हा प्रश्न फुटबॉलच्या लेखात का, असे वाटेल. पण डिसूझा आपल्याकडे विसरले का गेले, याचे एक कारण मला या तारखांत दिसते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्याचा भाग होते, आपला जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. म्हणजे डिसूझा मेलबर्नमध्ये खेळत होते तेव्हा वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर ही गावे जेमतेम महिनाभरापूर्वी त्यांच्याच राज्यात आली होती. मुंबईत संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन तापलेले होते. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला होता, आणि त्यात विदर्भातली माणसे मोठ्या संख्येने होती.

१ डिसेंबरला हॅट्ट्रिक. ४ डिसेंबरला उपांत्य सामना. ६ डिसेंबरला पहाटे दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला मुंबईत दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, लाखो माणसे रस्त्यावर होती. त्याच ७ डिसेंबरला मेलबर्नमध्ये भारत बल्गेरियाविरुद्ध कांस्यपदकासाठी खेळत होता आणि ०-३ असा हरत होता. ज्या शहरात डिसूझा खेळाडू म्हणून घडले, ते शहर त्या दिवशी वेगळ्याच दुःखात होते.

देशात दूरचित्रवाणी नव्हती, ती प्रायोगिक स्वरूपात दिल्लीत १९५९ मध्ये आली. डिसूझा यांचा तो ५२ व्या मिनिटाचा गोल भारतात बसून कोणी पाहिलाच नाही. त्यात ६ डिसेंबरलाच भारताच्या हॉकी संघाने पाकिस्तानला १-० हरवून सुवर्ण जिंकले. सुवर्णापुढे चौथा क्रमांक कोणाच्या लक्षात राहणार?

डिसूझा यांचे पुढे काय झाले?

ऑलिम्पिक संपल्यावर लगेच एक सामना झाला. १२ डिसेंबर १९५६ रोजी सिडनीत भारत पुन्हा ऑस्ट्रेलियाशी खेळला आणि ७-१ असा जिंकला. उपांत्यपूर्व फेरीतला विजय नशिबाने मिळाला असे कोणाला वाटत असेल तर त्याचे उत्तर त्यात होते.

डिसूझा मुंबईत परतले आणि पुन्हा क्लबचे फुटबॉल सुरू झाले. १९५८ मध्ये कॅलटेक्सने रोव्हर्स चषक जिंकला, त्या विजयात ते होते. पण मेलबर्नसारखा आठवडा पुन्हा आला नाही. तो कोणाच्याच वाट्याला सहसा दोनदा येत नाही.

भारतीय संघ १९६० मध्ये रोमला गेला. फ्रान्सविरुद्ध पी. के. बॅनर्जींनी ७१ व्या मिनिटाला आघाडी मिळवून दिली आणि ८२ व्या मिनिटाला फ्रान्सने बरोबरी केली. जुनेच दुखणे, फक्त आता ११ मिनिटे टिकलेले. त्यानंतर भारताचा फुटबॉल संघ आजवर ऑलिम्पिकला पात्र ठरलेला नाही.

आघाडी राखायला हा संघ शिकलाच नाही, असे मात्र नाही. ४ सप्टेंबर १९६२, जकार्ता, आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी पहिल्या २० मिनिटांतच दोन गोल केले. त्यातला जर्नेल सिंग डोक्याला टाके पडलेले असताना खेळत होता. कोरियाला गोल मिळाला तो अगदी शेवटी, आणि भारत २-१ असा जिंकला. लवकर मिळालेली आघाडी तासाभराहून जास्त वेळ राखली गेली. प्रशिक्षक तेच, रहीम. मेलबर्नमधली ती ११ मिनिटे त्यांनी सहा वर्षे डोक्यात ठेवली असणार, असे मला वाटते. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, ते कर्करोगाने गेले.

जकार्ताच्या त्या संघात डिसूझा नव्हते. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले, पहिल्याच वर्षी फुटबॉलसाठी तो पी. के. बॅनर्जींना मिळाला. पुढे बलराम, चुनी गोस्वामी, जर्नेल सिंग, थंगराज यांनाही मिळाला. त्या यादीत नेव्हिल डिसूझा हे नाव नाही. १६ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते.

मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने एकूण ५ गोल केले, त्यातले ४ डिसूझा यांचे. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे तिघे होते, प्रत्येकी ४ गोल. युगोस्लाव्हियाचा टोडोर वेसेलिनोविच रौप्यपदक घेऊन घरी गेला, बल्गेरियाचा दिमितार मिलानोव कांस्यपदक घेऊन. तिसरे नेव्हिल डिसूझा.